खांब जाऊ दे, खाच राहू दे

दत्तक द्यायच्या कुत्र्याचा पहिला फोटो बहुतेक वेळा घाईतच निघतो. निवाऱ्यातली ओली फरशी, मागे जाळीचं दार, त्या जाळीतून नाक बाहेर काढलेला दुसरा कुत्रा, कोपऱ्यात फिनेलचा कॅन, वेटोळं करून टाकलेला रबरी पाइप आणि चौकटीच्या वरच्या कडेतून खाली आलेला कुणाचा तरी हात, त्यात घट्ट धरलेली साखळी. या सगळ्याच्या मध्ये तांबूस रंगाची, दीड-दोन वर्षांची एक कुत्री बसलेली असते. फोटो बघणाऱ्याचा अंगठा मोबाइलवर सरकत असतो. त्याला आधी जाळी दिसते, मग कॅन, मग हात. कुत्रीच्या डोळ्यांपर्यंत नजर पोचायच्या आत पुढचा फोटो आलेला असतो.

गावठी कुत्र्याला हे जास्त जाचतं. लॅब्राडॉरचा फोटो कसाही काढा, लोक ओळखतात आणि थांबतात. रस्त्यावर जन्मलेलं, मध्यम बांध्याचं, तांबडं-पांढरं कुत्रं ते येता-जाता रोज बघतात, म्हणून फोटोत ते त्यांच्या नजरेत भरतच नाही. त्याच्यापाशी थांबायला लावायचं तर चौकटीत दुसऱ्या कशाने लक्ष वेधून घेता कामा नये. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दत्तक द्यायच्या, पूर्ण वाढ झालेल्या काळ्या लॅब्राडॉर आणि लॅब्राडॉर-मिश्र कुत्र्यांचे इंटरनेटवरचे फोटो तपासले होते. मोकळ्या जागेत फोटो काढलेल्या आणि थेट कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या कुत्र्यांना घरं लवकर मिळाली होती. निवाऱ्यात काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर फोनवर बोट फिरवत जाळ्या, पाइप, भांडी पुसत बसणारी ही मंडळी तेच साधायला धडपडत असतात.

या पुसण्याबद्दल मला काही ठामपणे सांगायचं आहे. चौकटीतलं काय कुत्र्याचं आहे आणि काय नाही, हे बोट लावण्याआधी ठरवावं. खांब, वायर, चपला, दुसऱ्याचा पाय हे त्याचं नव्हे. ते खुशाल जाऊ दे. कानाची खाच, नाकावरचा वण, आखडलेला पाय, पांढरी झालेली हनुवटी हे त्याचं आहे. त्याला हात लावू नये. अवघड जागा या दोहोंच्या मधल्या आहेत, आणि हल्लीची साधनं नेमक्या तिथेच न विचारता हात घालतात.

कॅमेऱ्याची उंची

पुसावं लागतं त्यातलं बरंचसं कॅमेरा धरण्याच्या पद्धतीतून येतं. माणूस उभा राहून, कॅमेरा खाली झुकवून कुत्र्याचा फोटो काढतो. मग मागे येते ती जमीन: फरशीचे सांधे, खडी, गुटख्याच्या पुड्या, स्वतःच्याच चपलांची टोकं. शिवाय डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात ते वेगळंच. गुडघ्यावर बसून, जमल्यास पालथं पडून, लेन्स कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणली की जमिनीची एक पट्टी तेवढी उरते आणि मागचं सगळं लांब जाऊन धूसर होतं.

पण याच उंचीवर दुसरी अडचण सुरू होते. आता मागे विजेचे खांब, झाडांची खोडं, उभ्या केलेल्या मोटारसायकली असतात आणि दोन कानांच्या बरोबर मधून एखादा खांब उगवल्यासारखा दिसतो. कुंपणाची आडवी पट्टी मानेतून आरपार जाते. यावर उपाय आहे एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे. ते पाऊल राहिलं तर तोच खांब पुढे संगणकावर कानाच्या एकेका केसाभोवतून काढावा लागतो आणि तिथे तासही पुरत नाही. कुत्र्याला भिंतीला चिकटवून बसवू नये, हे दुसरं. त्याला भिंतीपासून चार-पाच मीटर पुढे आणलं, ८५ ते २०० मिलिमीटरच्या दरम्यानची लेन्स लावली आणि छिद्र एफ २.८ च्या आसपास उघडं ठेवलं तर मागची जाळी विरघळून जाते. कुत्रा जाळीच्या आतच असेल आणि बाहेर काढता येत नसेल, तर लेन्स थेट जाळीला टेकवावी आणि कुत्रा आत मागे सरकेपर्यंत थांबावं. लेन्सच्या अगदी तोंडाशी असलेली तार फोटोत उमटत नाही.

मोबाइलवर हे साधत नाही, कारण त्याचा सेन्सर लहान असतो आणि मागचं आपोआप धूसर होत नाही. पोर्ट्रेट मोड ते काम गणिताने करतो. माणसाच्या खांद्याची कड त्या गणिताला पुष्कळदा सापडते, पण कुत्र्याला तशी सरळ कड नसते. असतात ते केस. म्हणून मिशा जातात, कानामागची लव जाते आणि कुत्रा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. साधा मोड ठेवावा, मोकळ्या मैदानात जावं आणि सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर फोटो काढावा. फोनवर यापेक्षा चांगला उपाय माझ्या तरी पाहण्यात नाही.

डोळ्यातली चिपडं, ओठावरची लाळ, नाकावरची माती ओल्या फडक्याने पुसावी. पुसताना कुत्रं हाताला सरावतं, हा वरचा लाभ.

पट्टा

कुत्र्यांच्या फोटोत सर्वांत जास्त वेळा काय पुसलं जातं, तर पट्टा. व्यावसायिक फोटोग्राफर मोकळ्या जागेत कुत्र्याला सोडत नाहीत आणि सोडूही नये. नवख्या जागी, कॅमेऱ्याच्या आवाजाने, रस्त्यावरच्या एखाद्या फटाक्याने कुत्रं बिथरून पळालं तर फोटो बाजूलाच राहतो. म्हणून शिस्त अशी, की पट्टा कायम बांधलेला आणि नंतर फोटोतून काढलेला.

हे काढणं सोपं जावं म्हणून आधीपासून काही गोष्टी पाळतात. पट्टा बारीक आणि एकरंगी घ्यायचा. तो छातीवरून लोंबकळू द्यायचा नाही, कारण मग तो सगळ्या केसांवरून जातो. कॉलरची कडी मानेच्या मागे फिरवून पट्टा तिथून वर किंवा बाजूला न्यायचा, म्हणजे त्याचा बराचसा भाग पार्श्वभूमीवर पडतो आणि अंगावरून जाणारा तुकडा बोटभर उरतो. धरणाऱ्याने हात लांब करून चौकटीबाहेर उभं राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टा सैल हवा.

सैल का, हे नवख्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. ताणलेला पट्टा संगणकावर अलगद निघतो, पण त्याचा ताण निघत नाही. कॉलर एका बाजूला ओढलेली राहते, गळ्याची कातडी तिथे चुणलेली राहते, कुत्र्याचं वजन पुढच्या एका पायावर गेलेलं असतं आणि डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसत असतं. बघणाऱ्याला पट्टा दिसत नाही, पण हे कुत्रं अवघडलेलं आहे एवढं कळतं. कशामुळे ते कळत नसल्याने तो दोष तो कुत्र्याच्या स्वभावाला लावतो. दत्तक देण्याच्या फोटोत याहून वाईट काही होऊ शकत नाही.

जाणते लोक आणखी एक युक्ती करतात. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून कुत्र्याचा फोटो घ्यायचा, मग कॅमेरा जराही न हलवता कुत्रा आणि माणूस दोघांनाही बाजूला नेऊन त्याच जागेचा रिकामा फोटो घ्यायचा. संगणकावर हा रिकामा फोटो खालच्या थरात ठेवला की वरच्या थरातला पट्टा, हात, पाय नुसता खोडायचा; खालून खरं गवत, खरी भिंत वर येते. काही बनवावं लागत नाही. तिकाटणं नसेल तर दोन्ही फोटो एकाच जागेवरून हातानेच घेतले तरी बऱ्याच वेळा जुळवता येतात.

उरतो तो अंगावरचा तुकडा. इथे सबुरी लागते. क्लोन स्टँपने जवळचाच केसाळ भाग उचलून पट्ट्यावर लावायचा, पण केसांना दिशा असते. मानेवरचे केस खाली आणि मागे वळलेले, छातीच्या मधोमध दोन्ही बाजूंचे प्रवाह येऊन मिळतात, कित्येक कुत्र्यांना तिथे भोवरा असतो. खांद्यावरचा तुकडा उचलून गळ्यावर लावला तर रंग जुळतो, पण केस उलटे पडतात आणि तिथे ठिगळ दिसतं. म्हणून उचललेला तुकडा फिरवून घ्यायचा, लहान घ्यायचा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागेवरून घ्यायचा. हे सगळं वेगळ्या रिकाम्या लेयरवर करायचं, मूळ फोटोला धक्का लावायचा नाही. पट्ट्याची सावली जमिनीवर पडलेली असते, तिची आठवण शेवटपर्यंत ठेवावी लागते. पट्टा नाही पण गवतावर त्याची वळणदार सावली आहे, आणि धरणाऱ्याचे पाय पुसले पण त्याची लांब सावली कुत्र्याच्या पंजांपर्यंत आलेली आहे, असे फोटो वरचेवर बघायला मिळतात. शेवटी फोटो आडवा उलटा करून बघायचा. डोळ्याला सवय झालेली चूक उलट्या फोटोत चटकन सापडते.

इथे एक प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही. गर्दीच्या बागेत, रस्त्याकडेला किंवा समुद्रकिनारी मोकळं बसलेलं कुत्रं फोटोत बघून नवा पालक आपलं कुत्रंही तसंच सोडून बघतो. त्याला पुसलेला पट्टा दिसलेला नसतो. म्हणून असा फोटो देताना ‘पट्टा बांधलेला होता, फोटोतून काढला आहे’ एवढी एक ओळ खाली लिहावी असं मला वाटतं. आणि दत्तक द्यायच्या कुत्र्याच्या फोटोंपैकी एकात तरी सैल पट्टा दिसू द्यावा. हे कुत्रं पट्ट्याने शांत चालतं, ही घर शोधणाऱ्यासाठी मोठी माहिती आहे.

काचेपासून फोनपर्यंत

पुसण्याची ही कला संगणकाने आणलेली नाही. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या भरणारे, छापलेल्या फोटोवरचे पांढरे ठिपके ब्रशने बुजवणारे रिटचर जुन्या स्टुडिओंमध्ये असत. एकोणिसाव्या शतकात एक्स्पोजरला इतका वेळ लागे की लहान मूल स्थिर राहावं म्हणून आई त्याला मांडीवर धरून बसे आणि तिच्या डोक्यावरून कापड टाकून तिला खुर्चीसारखं झाकून टाकत. फोटो मुलाचा हवा, धरणारी नको. आज पट्टा धरणाऱ्याचा हात पुसतो तेव्हा आपण तेच करत असतो.

थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. एका जागचं उचलून दुसरीकडे छापणारं स्टँपचं साधन त्यात सुरुवातीपासून होतं. २००० साली बेर्ताल्मियो, सापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच वाट काढली. संग्रहालयातले जुन्या चित्रांची डागडुजी करणारे लोक फाटलेल्या जागेच्या कडेवरच्या रेषा आत कशा वाढवत नेतात, ते पाहून त्यांनी तीच रीत गणितात बसवली. फोटोशॉपच्या २००२ च्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला. तो पोत एका जागचा घेई आणि उजेड-रंग दुसऱ्या जागचा, त्यामुळे ठिगळाची कड दिसेनाशी झाली. २००९ साली पॅचमॅच ही रीत प्रसिद्ध झाली. फोटोतल्याच लाखो लहान तुकड्यांतून भोकाला साजेसे तुकडे ती झपाट्याने शोधून काढत असे. पुढच्याच वर्षी फोटोशॉपमध्ये हे काम एका क्लिकवर आलं.

इथवर एक गोष्ट कायम होती. भोकात जे भरलं जाई ते त्याच फोटोतलं असे. गवताच्या जागी त्याच मैदानातलं गवत, केसांच्या जागी त्याच कुत्र्याचे केस. मे २०२३ मध्ये फोटोशॉपला जनरेटिव्ह फिल आलं आणि ही अट सुटली. आता भोकात काय असावं याचा अंदाज कोट्यवधी दुसऱ्या चित्रांवरून शिकलेलं यंत्र बांधतं आणि नवं चित्र रंगवतं. गुगलच्या पिक्सेल ६ फोनवर ऑक्टोबर २०२१ मध्ये मॅजिक इरेझर आलं होतंच. २०२४ मध्ये ते गुगल फोटोज वापरणाऱ्या सर्वांना मोफत मिळालं आणि त्याच वर्षी आयफोनलाही क्लीन अप आलं. जे शिकायला रिटचरची वर्षं जात, ते आता बोटाने गोल काढला की होतं.

पार्श्वभूमीसाठी ही साधनं उत्तम आहेत आणि ती आनंदाने वापरावीत असंच मी सांगेन. रात्रभर जागून जाळ्या पुसणाऱ्या स्वयंसेवकाचे तास वाचतात, त्या वेळात तो आणखी एका कुत्र्याला फिरवून आणू शकतो. पण कुत्र्याच्या अंगाला टेकलेली वस्तू पुसायला लावली की हेच साधन कुत्र्याचं अंगही नव्याने रंगवतं. पंजावर पडलेली साखळी काढताना बोटं चारची पाच होतात. जबड्याजवळचा हात काढताना मिशा जातात. काळ्या ओठावरचा गुलाबी डाग, ज्यावरून घरचे त्याला ओळखतात, तो एकसारखा काळा होतो.

कानाची खाच

सगळ्यात जास्त धोका कानाला आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी होते तेव्हा ते भुलीत असतानाच त्याच्या कानाला एक लहान खाच पाडतात. प्राणी जन्म नियंत्रणाचे २००१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम, दोन्हींत नसबंदी झालेलं कुत्रं ओळखू यावं म्हणून कानावर खूण करायला सांगितलं आहे. नरामध्ये नसबंदी बाहेरून दिसून येते. मादीत दिसत नाही. पोटावर केस परत उगवले की टाक्याची रेघ शोधूनही सापडत नाही. खाच नसेल तर पकडणारी गाडी तिला पुन्हा उचलते, पुन्हा भूल देते आणि आत काही सापडत नाही म्हणून उघडलेलं पोट पुन्हा शिवावं लागतं. कानाचा तेवढा तुकडा तिला यातून वाचवतो. रोज खायला घालणाऱ्यांना, पालिकेच्या माणसांना, वस्तीतल्या रहिवाशांना ही खाच लांबूनच सांगते की हिचं झालेलं आहे आणि त्याच वेळी तिला रेबीजची लसही टोचलेली आहे.

फोटो साफ करणाऱ्या साधनाला हे कुठून कळणार? त्याने शिकलेल्या चित्रांमध्ये कुत्र्याचा कान अखंड आहे. कानामागची वायर पुसायला जावं, तर ते वायरीबरोबर खाचही भरून देतं. आणि काम इतकं सफाईदार असतं की काम करणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. काही वेळा माणूसच ती मुद्दाम भरतो, कान फाटल्यासारखा दिसतो म्हणून. घर शोधणाऱ्या कुटुंबाला मग फोटोत एक कुत्री दिसते आणि दारात दुसरीच येते. आपल्याला आणखी काय सांगितलेलं नाही, ही शंका तिथूनच सुरू होते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री, रेबीजची किंवा आक्रमक नसतील तर, उचललेल्या जागीच परत सोडावीत असं म्हटलं. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री तिथे परत सोडू नयेत असाही आदेश आला. दोन्ही आदेशांचा परिणाम एकच: कोणतं कुत्रं कुठलं, त्याचं काय झालेलं आहे, याची नोंद पूर्वीपेक्षा फार महत्त्वाची झाली. वस्तीत ती नोंद फार वेळा फोनमधल्या फोटोंच्याच रूपात असते. अशा फोटोवर कानाच्या आसपास बोट फिरवताना आपण एका कागदपत्रावर खाडाखोड करतो आहोत हे जाणून असावं. खाच भरण्याऐवजी ती दिसेल असा कान उजेडाकडे करून फोटो काढावा आणि मजकुरात तिचा अर्थ सांगावा. बऱ्याच लोकांना तो ठाऊकच नसतो.

माणसांच्या फोटोवर काम करणारे रिटचर एक नियम सांगतात: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे ते पुसायला हरकत नाही, जे कायमचं आहे ते राहू द्यावं. मुरूम जाईल, तीळ राहील. कुत्र्यांनाही हा नियम बराचसा लागू पडतो. गवताचं कुसळ, चिखलाचा शिंतोडा जाऊ दे. पण आजार या नियमात बसत नाही. खरजेने केस गेलेला भाग दोन-तीन महिन्यांत भरून येईलही, तरी आज नेणाऱ्याला तो बघण्याचा हक्क आहे, कारण औषध त्याला करायचं आहे. बरं होत आलेल्या कुत्र्याचे आधीचा आणि आताचा असे दोन फोटो शेजारी ठेवले तर लोक घाबरण्याऐवजी आपलेपणाने बघतात. तीन पायांच्या कुत्र्याचा चौथा पाय कुणी रंगवत नाही हे खरं. मात्र त्याला असं बसवतात की पाय नसल्याचं दिसू नये, मग जागा सपाट करतात, आणि परिणाम तोच होतो.

जिथे खांबही हलवू नये

एवढा वेळ मी खांब जाऊ दे म्हणत आलो. त्यालाही हद्द आहे.

४ मे १९७० रोजी अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीने पडलेल्या विद्यार्थ्याशेजारी गुडघ्यावर बसून आक्रोश करणाऱ्या मुलीचा फोटो जॉन फिलो या विद्यार्थी छायाचित्रकाराने काढला. तिच्या डोक्यामागे कुंपणाचा एक खांब होता, अगदी डोक्यातून उगवल्यासारखा. फिलोच्या त्या फोटोला पुलित्झर मिळालं. पुढे कुणीतरी तो खांब एअरब्रशने घालवला आणि खांब नसलेली प्रत नियतकालिकांत छापली जाऊ लागली. १९९५ मध्ये ‘लाइफ’मध्ये ती आल्यावर वाद पेटला. चित्र खांबाशिवाय अधिक नेटकं दिसतं यात शंका नाही. पण ती घटना घडली तिथे खांब होता.

२०१० साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने एका विजेत्याचं बक्षीस काढून घेतलं, कारण फोटोच्या कडेला दिसणारं एका पावलाचं टोक त्याने पुसलं होतं. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने सीरियातल्या युद्धाचे फोटो काढणाऱ्या, पुलित्झर मिळवलेल्या एका छायाचित्रकाराशी संबंध तोडले. त्याने चौकटीच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा घालवला होता. दोन्ही ठिकाणी पुसलेली वस्तू क्षुल्लक होती आणि पुसण्याचं काम चोख होतं. तरीही शिक्षा झाली ती योग्यच होती, असं मला वाटतं. बातमीचा फोटो बघणारा त्यातल्या रिकाम्या जागेवरही विश्वास ठेवत असतो.

वन्यजीवांच्या फोटोंचं हेच. लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत चौकटीतून वस्तू काढण्याला मनाई आहे. ताडोबातल्या रानकुत्र्याच्या तोंडावर आलेली गवताची काडीसुद्धा काढता येत नाही, आणि वाघाच्या गळ्यातली रेडिओ कॉलर काढून त्याला ‘जंगली’ करणं तर उघड खोटं आहे. याच स्पर्धेत २०१६ साली नागरी विभागात नयन खानोलकर यांच्या फोटोला पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे वसाहतीतल्या आदिवासी पाड्यातल्या अरुंद बोळातून रात्री जाणारा बिबट्या. त्यात घरांच्या भिंती आहेत, माणसांच्या राहण्याच्या खुणा आहेत. व्यत्यय काढण्याची सवय लागलेल्या डोळ्याला त्या खुपल्या असत्या. फोटो उभा आहे तो त्यांच्यावरच.

मग रस्त्यावरच्या कुत्र्याचा फोटो कुठे बसतो? तो कशासाठी काढला त्यावर. घर शोधायला काढलेल्या फोटोतली कचराकुंडी जाऊ दे. त्याच कुत्र्याचा, त्याच गल्लीतला फोटो वर्तमानपत्रात नसबंदी किंवा कचऱ्याच्या प्रश्नावरच्या बातमीसोबत जाणार असेल तर ती कुंडी बातमीचाच भाग आहे. उघडा कचरा आहे म्हणून तिथे कुत्री आहेत. कुंडी पुसून नुसतं दात दाखवणारं कुत्रं ठेवलं तर सगळा दोष त्या एका जिवावर येतो. कात्रीने चौकट आवळून हे रोज केलं जातं. त्याला कुणी एडिटिंग म्हणत नाही एवढंच.

कुत्र्यांचा सर्वांत मोठा फोटोग्राफर मी एलियट अरविट यांना मानतो. २०२३ साली वयाच्या पंचाण्णवव्या वर्षी ते गेले. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जमिनीलगत कॅमेरा धरून स्वेटर घातलेल्या एका चिमुकल्या चिवावाचा फोटो काढला. शेजारी दिसतात ती फक्त एका बाईची सँडल घातलेली पावलं. १९७४ च्या फोटोत एका बाजूला ग्रेट डेनचे दोन उंच पाय, मध्ये बाईचे बूट आणि दुसऱ्या टोकाला टोपी घातलेला चिवावा. आजच्या कुठल्याही साधनाला ‘व्यत्यय काढ’ म्हटलं तर ते सर्वांत आधी त्या बाईचे पाय काढील, कदाचित ग्रेट डेनचेही. उरेल एक गोंडस चिवावा आणि स्वच्छ फुटपाथ. त्या चिमुकल्या जिवाला जग केवढं दिसतं, हे त्या पायांशिवाय कळलं नसतं. म्हणून घरच्या कुत्र्याच्या फोटोत आजोबांचा पट्टा धरलेला हात दिसत असेल, तर तो पुसण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारावं. ‘एकटा मोती हवा’ म्हणणाऱ्यांना काही वर्षांनी तो हातच हवा असतो.

विकण्यासाठी आणि शोधण्यासाठी

दोन प्रकारचे फोटो राहिले, आणि दोन्हींत पुसण्याला जवळजवळ जागा नाही.

एक, विक्रीचा. सोलापूर-लातूरकडच्या कारवानी कुत्र्याची किंवा सीमेपलीकडच्या मुधोळची परीक्षा त्याच्या उभं राहण्यावरून होते: पाठीची रेघ, आत ओढलेलं पोट, मागच्या पायांचा कोन. असा कुत्रा उभा करताना एक हात हनुवटीखाली आणि एक शेपटीखाली असतो. ते दोन्ही हात पुसले तर माझी हरकत नाही. पण त्याच बैठकीत पाठीतला बाक सरळ करणं आणि मागचा पाय थोडा मागे खेचणं दोन मिनिटांचं काम आहे, आणि फोटो बघून पैसे पाठवणाऱ्याची ती सरळ फसवणूक आहे. अशा व्यवहारात फोटोऐवजी चालतानाचा व्हिडिओ मागावा, बाजूने आणि मागून.

दुसरा, हरवलेल्या कुत्र्याचा. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून पळालेल्या कुत्र्यांची पोस्टरं दरवर्षी भिंतींवर लागतात, आणि त्यांवर घरच्यांनी लावलेला फोटो बहुधा सर्वांत सुंदर असतो: फिल्टरने उजळलेला, मागचं धूसर केलेला, नुकती आंघोळ घालून काढलेला. रस्त्यावर चार दिवस हिंडलेलं कुत्रं त्या फोटोशी जुळत नाही. शोधणाऱ्याला हव्या असतात त्या खुणा: छातीवरचा पांढरा पट्टा किती रुंद आहे, शेपटी कुठल्या बाजूला वळते, कोणत्या पंजाला पांढरा मोजा आहे, कानाला खाच आहे का. शेजारी माणूस उभा असेल तर उंची कळते, म्हणून तो माणूस पुसू नये. कॉलर दिसू द्यावी, पण ती पळताना निघालेली असू शकते हे लिहावं. त्यासाठी प्रत्येक घरात कुत्र्याचे चार साधे, कोणताही फिल्टर न लावलेले फोटो असावेत: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून. दिवसाच्या उजेडात, उभं असताना काढलेले. मूळ फाइल तशीच जपावी, साफ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि हे चार फोटो घरातल्या एकाच्या नाही, सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत. फटाके सुरू व्हायच्या आत हे उरकून घ्यावं.